ऊसतोडीच्या टोळीचा हिशोब आणि मंडळीचा संबंध

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, तरुण संघ गावाबाहेर उतरलेल्या ऊसतोड टोळीत जाऊ लागला. तिथे एका जोडप्याचा मागच्या हंगामाचा हिशोबच झालेला नाही. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली की अजून अंगावर आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. बाई आजारी होती त्या दिवसांचा खाडाही (गैरहजेरीची वजावट) कापला गेला. मंडळीने हा विषय हाती घ्यावा असं तरुणांनी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना सांगितलं. पंच म्हणाले, मंडळीचं काम सुवार्तेचं, राजकारणाचं नाही. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचा, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा असं तिथे पौल सांगतो. आता तरुण विचारतात, की अन्यायाविरुद्ध उभं राहणं ही ख्रिस्ती मंडळीची जबाबदारी आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करायची?

मी नगर आणि मराठवाड्यातल्या मंडळ्यांत पाळक होतो, नंतर चर्चच्या सामाजिक कामाकडे आलो. त्यामुळे हे उत्तर पुस्तकी कमी आणि पंचकमिटीच्या सतरंजीवर बसून दिलेलं जास्त आहे.

जबाबदारी आहे. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा, चौथं वचन. शेतांची कापणी करणाऱ्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवली, ती मजुरीच ओरडते आहे आणि कापणी करणाऱ्यांचं गाऱ्हाणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलं आहे, असा त्याचा आशय. ऊसतोडीला यापेक्षा जवळचं वचन सापडणार नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, हे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहेच. आपल्या मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या उपासनेला वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस बांधतात, नंतर त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या खात्यात जातात. तो ऊस कोणी तोडला आणि त्याचा हिशोब झाला का, एवढं विचारणं राजकारण होत असेल तर याकोबही राजकारणीच ठरतो.

पंचांचा रोम १३ चा मुद्दा मात्र झटकून टाकू नका. तो अध्याय पवित्र शास्त्रात आहे, आणि तो पुढे करणारे सगळेच लबाड नसतात. अडचण अशी, की हा अध्याय नेमका कधी निघतो ते पाहिलं पाहिजे. हिटलरच्या जर्मनीत तो निघाला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारच्या समर्थनार्थ तो इतका वापरला गेला, की १९८५ साली तिथल्या पाळकांनी आणि धर्मपंडितांनी काढलेल्या 'कैरोस' निवेदनात या वापरावरच मोठा भाग खर्च करावा लागला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पौलाने ते पत्र विशिष्ट परिस्थितीतल्या विशिष्ट मंडळीला लिहिलं. त्याच नव्या करारात प्रकटीकरणाचा तेरावा अध्यायही आहे आणि तिथे तीच रोमन सत्ता श्वापदाच्या रूपात येते. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे पेत्राचं उत्तर प्रेषितांच्या कृत्यांत आहे. शिवाय तुमच्या प्रश्नात सत्तेला विरोध आहेच कुठे? वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा, सरकारने केलेला. किमान वेतनाचा नियमही सरकारचाच. टोळी आणणाऱ्या मुकादमाने हिशोब द्यावा असं म्हणणारा माणूस रोम १३ पाळतो आहे, मोडत नाही.

कैरोस निवेदनातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्याला लागू पडतो. सरकारची तळी उचलणाऱ्या धर्मज्ञानावर त्यांनी टीका केलीच, पण सभ्य, मवाळ, समेटाची भाषा बोलणाऱ्या चर्चलाही सोडलं नाही. दोन्ही बाजूंनी नमतं घ्या, प्रेमाने राहा, असं चर्च म्हणत राहतं. पण एक बाजू मारणारी आणि दुसरी मार खाणारी असेल तेव्हा असा समेट मारणाऱ्याच्याच सोयीचा असतो. आपल्याकडे पंच मुकादमाला आणि मजुराला समोरासमोर बसवून प्रार्थना करतात आणि "मिटवून घ्या" म्हणतात, तेव्हा हेच होतं. मजुराची बायको प्रार्थनेला मान खाली घालते, आणि पैसे राहिले ते राहिलेच.

जर्मनीचं उदाहरण चर्चमध्ये फार गौरवाने सांगितलं जातं, म्हणून एक कमी सांगितली जाणारी गोष्टही सांगतो. मे १९३४ मध्ये बार्मेनला जमलेल्या मंडळ्यांनी जाहीर केलं, की आम्ही येशू ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेला देवाचं प्रकटीकरण मानणार नाही. त्या काळात हे धैर्याचंच होतं. पण तो जाहीरनामा वाचून काढा, त्यात ज्यूंबद्दल एक शब्द नाही. चर्च स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी उभं राहिलं, शेजाऱ्यासाठी नाही. युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्टला त्यांनी अपराधाची कबुली दिली, त्यातही ज्यूंचं नाव आलं नाही. डिट्रिश बॉनहोफर या तरुण धर्मपंडिताने एप्रिल १९३३ मध्येच तीन पायऱ्या मांडून ठेवल्या होत्या : राज्याला जाब विचारा, भरडल्या गेलेल्यांना मदत करा मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, आणि वेळ आली तर चाकाखालच्यांना पट्ट्या बांधत न बसता चाकच अडवा. पुढे हिटलरविरोधी कटात भाग घेतल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी झाली. बहुतेक मंडळ्या दुसऱ्या पायरीच्या अर्ध्यावर थांबतात. नाताळात टोळीवर ब्लँकेटं वाटली की आपली जबाबदारी संपली. ब्लँकेटं वाटूच नका असं मी म्हणत नाही. मजुरांच्या कोपीत, म्हणजे त्या खोपटात, जानेवारीची थंडी भयंकर असते.

आता मला खरं जे सांगायचं आहे त्याकडे येतो. मंडळी गप्प बसते त्याचं कारण क्वचितच धर्मज्ञान असतं. बहुतेक वेळा तिला काहीतरी जपायचं असतं, किंवा कोणालातरी दुखवायचं नसतं. अन्याय चर्चमध्ये कसा शिरतो हे पाहायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चची एक जुनी नोंद पाहा. १८२९ साली त्यांच्या केप सिनॉडने (चर्चच्या धोरण ठरवणाऱ्या सभेने) ठरवलं होतं, की प्रभुभोजन सर्वांना एकत्र, रंगाचा भेद न करता दिलं जाईल. पुढे काही गोऱ्या सभासदांना काळ्यांच्या शेजारी बसून तो प्याला घ्यायला नको वाटू लागलं. १८५७ साली सिनॉड पुन्हा बसला. ठराव मोठा हुशारीने लिहिला होता. त्याचा आशय असा : सर्वांनी एकाच मंडळीत असावं हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, परंतु 'काहींच्या दुर्बळतेमुळे' जिथे कामात अडथळा येत असेल, तिथे वेगळ्या इमारतीत वेगळी उपासना घ्यायला हरकत नाही.

काहींच्या दुर्बळतेमुळे! तत्त्व सोडलं नाही, फक्त सवलत दिली. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांचं अख्खं वेगळं चर्च उभं राहिलं. १९४८ मध्ये वर्णभेद हे देशाचं अधिकृत धोरण झालं तेव्हा त्याला धर्माचा आधार द्यायला वेगवेगळ्या मंडळ्यांची ही व्यवस्था तयारच होती. १९६० साली शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं मारली, तेव्हा बायर्स नॉडे या गोऱ्या पाळकाचे डोळे उघडले. पुढे त्याने आपली मंडळी सोडली आणि १९७७ पासून सात वर्षं सरकारने त्याला बंदीहुकमाखाली ठेवलं. १९८२ साली जागतिक रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या ओटावा परिषदेने वर्णभेदाचं धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड आहे असं घोषित केलं. ते अन्याय किंवा चुकीचं धोरण एवढंच म्हणून थांबले नाहीत; हे आमच्या विश्वासाच्याच विरुद्ध आहे म्हणाले. एका सवलतीपासून तिथवर यायला सव्वाशे वर्षं गेली.

आपल्याकडे काय? १ जानेवारी १९३८ ला डॉ. आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. धर्मांतराची घोषणा होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि ते कोणता धर्म घेतात याकडे मिशनऱ्यांचे डोळे लागले होते. तिथे त्यांनी गोड बोलणं टाळलं. दक्षिणेत ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जात पाळतात, आणि एक समाज म्हणून भारतीय ख्रिस्ती सामाजिक अन्याय दूर करायला कधी लढलेले नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. आपल्या मंडळ्यांत आंबेडकर जयंतीला हार घालतात. हे भाषण वाचून दाखवलेलं मी क्वचितच पाहिलं.

दक्षिणेचं उदाहरण त्यांनी हवेतून काढलं नव्हतं. बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ सालीच दक्षिणेतल्या मंडळ्यांना लिहिलं होतं, की जातिभेद निश्चयाने, ताबडतोब आणि कायमचा सोडा. तरी तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी राहिली. गोव्यात गावोगावच्या चर्चमधल्या कोन्फ्रारींत (सभासदांच्या धार्मिक संघांत) लाल झगा कोणाचा आणि निळा कोणाचा हे जातीवरून ठरत आलं. आपण मराठी प्रोटेस्टंट यावर 'तिकडचं' म्हणून बोट दाखवतो. पण आपल्याकडे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात किती लग्नं होतात? उपासनेत बाक एक, प्याला एक, आणि सोयरीक ठरवताना 'आपल्यातलं' पाहायचं. डोंगरे, टिळक अशा ब्राह्मण आडनावांचा उल्लेख प्रवचनात अभिमानाने होतो. दुष्काळात मिशनच्या दाराशी आलेल्या आपल्याच आजोबा-पणजोबांचा होत नाही.

मग तुम्ही म्हणाल, आधी घर साफ करू, मग टोळीकडे जाऊ. नाही. पंच हीच सबब पुढे करतील आणि घर साफ व्हायचं नाही. दोन्ही कामं बरोबर चालतात, आणि खरं तर एकातूनच दुसरं होतं. बाहेरच्या मजुराच्या हिशोबाबद्दल बोलायला लागल्यावर कोणीतरी विचारतंच, "आपल्या मिशनच्या दवाखान्यातल्या आयाला काय मिळतं? चर्च झाडणाऱ्या बाईला?" हा प्रश्न विचारला गेला की मंडळी जागी होते. नहेम्याचा पाचवा अध्याय असाच आहे. यरुशलेमेची भिंत बांधायचं काम जोरात चालू होतं, बाहेर शत्रू होता, आणि मध्येच गरिबांनी ओरड केली : आमच्याच भाऊबंदांनी आमची शेतं गहाण घेतली, आमच्या मुली दासी झाल्या. भिंत झाल्यावर पाहू असं नहेम्या म्हणाला नाही. त्याने श्रीमंतांना सभेत उभं केलं आणि शेतं, द्राक्षमळे, व्याज, सगळं परत करायला लावलं.

घरातल्या अन्यायाबद्दल बोलताना सुसाई खटलाही माहीत असावा. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चांभारकाम करणारा हा आदि-द्रविड ख्रिस्ती. सरकार अशा कारागिरांना टपऱ्या देत होतं, याला दिली नाही, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नाही. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात जागा मिळाली, ख्रिस्ती व मुस्लिमांना नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुसाईची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीचा त्रास तितकाच राहतो याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही, असं न्यायालय म्हणालं. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात ही धर्माची अट काढायची शिफारस केली, २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. चर्च या मागणीसाठी मोर्चे काढतं आणि ते योग्यच आहे. पण पुरावा कोणाकडे असायला हवा होता? आमच्यात जात नाही असं शंभर वर्षं अभिमानाने सांगणाऱ्या चर्चकडेच. दलित ख्रिस्ती माणूस गावात आणि मंडळीतही काय सोसतो, हे आपण आपल्याच नोंदवहीत लिहून ठेवलं नाही.

आपल्या परंपरेत सगळं असंच आहे असंही नाही. पंडिता रमाबाईंचं दुष्काळातलं काम सर्वांना ठाऊक आहे. १८९७ च्या प्लेगमधली त्यांची गोष्ट कमी सांगितली जाते. पुण्यात सरकारी प्लेग-बंदोबस्त चालू असताना, तिथल्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांना कसं वागवलं जातं, आपल्याकडच्या एका मुलीचं काय झालं, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात लिहिलं. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाईंना पैसा पुरवणारे बरेच लोक इंग्लंड-अमेरिकेतले होते, राज्यकर्ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, आणि पुण्यातल्या सनातन्यांनी तर त्यांना आधीच वाळीत टाकलं होतं. म्हणजे त्यांना दोन्हीकडून मार होता. गप्प बसायला याहून चांगलं निमित्त कोणाला मिळालं असतं?

आपल्या काळातले फादर स्टॅन स्वामी घ्या. झारखंडमध्ये नक्षलवादी म्हणून तुरुंगात डांबलेल्या आदिवासी तरुणांची माहिती ते गोळा करत होते, त्यांच्यासाठी न्यायालयात गेले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली, तळोजा तुरुंगात पार्किन्सनच्या आजारामुळे प्याला हातात धरता येत नव्हता म्हणून स्ट्रॉ मागावी लागली, आणि ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. वय ८४. त्यांच्यावरचा खटला चाललाच नाही. मला खटकतं ते असं, की कितीतरी मंडळ्यांनी ते गेल्यावर मेणबत्त्या लावल्या; ते जिवंत असताना त्यांचं काम काय होतं हे विचारलं नव्हतं.

आता तुमच्या टोळीकडे. पहिली गोष्ट, जाताना पत्रकं नेऊ नका, आजाऱ्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करू नका. मदतीला प्रार्थनेची अट चिकटली की ती मदत राहत नाही, आणि आजच्या वातावरणात धर्मांतराचा आरोप आधी त्या मजुरावर येतो, मग तुमच्यावर. गावातल्या आंबेडकरी तरुणांना, ऊसतोड कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला, असल्यास एखाद्या वारकरी शिक्षकाला बरोबर घ्या. हे मंडळीचं एकटीचं काम असू नये.

दुसरं, ऐका आणि लिहा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात जाते आणि बायकोला आकडा माहीत नसतो. म्हणून बाईशी बाईनेच बोलावं, महिला मंडळाला पुढे करा. उचल किती, टनाला दर काय ठरला, आजवर किती टन गेले, खाडा किती कापला, हे तारखेसकट एका वहीत. वजनाच्या पावत्यांचे फोटो. बाईच्या आजाराबद्दल विचारताना सांभाळून. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा परवडत नाही म्हणून पाळी नको आणि दुखणं अंगावर काढायचं, याची ही किंमत.

तिसरं, मागणी छोटी आणि स्पष्ट ठेवा. 'ऊसतोड मजुरांवरील अन्याय थांबवा' हा फलक कोणालाच टोचत नाही. 'या जोडप्याचा मागच्या हंगामाचा हिशोब लेखी द्या' हे टोचतं. आधी मुकादमाकडे, मग कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे. जोडप्याला सोडून जायला मज्जाव होत असेल, मारहाण किंवा धमकी असेल, तर मात्र वाट न पाहता तहसीलदार किंवा प्रांतांकडे वेठबिगारीची लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. पण जोडप्याची संमती असल्याशिवाय यातलं काहीच नको. तुम्ही निवेदन देऊन घरी जाल. त्यांना रात्री त्याच कोपीत झोपायचं आहे आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे उचल मागायची आहे. त्यांनी 'नको' म्हटलं तर थांबा.

मुलांचं काम सोपं आहे आणि तिथे कोणी आडवं येत नाही. गावातल्या शाळेत दाखल्याशिवाय प्रवेश मिळतो, तो त्यांचा हक्क आहे; मूळ गावाहून शिक्षण हमी पत्रक आणलं असेल तर उत्तम. मुख्याध्यापकांना भेटायला दोघांनी जा, एक फेरी पुरते.

आणि पंच. तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे, की एका पंचांचे ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतुकीवर आहेत. माझ्या मते रोम १३ तिथून आला. त्यांना सभेत उघडं पाडू नका. पाळकसाहेबांना घेऊन त्यांच्या घरी जा, आणि विरोध सोडा एवढंच न मागता मदत मागा : मुकादमाला ते ओळखतात, हिशोबाचा कागद त्यांच्या एका फोनवर निघू शकतो. असे लोक कधीकधी अनपेक्षितपणे पुढे येतात, कारण त्यांनाही ते खुपत असतं. नाहीच आले, तर विषय पंचकमिटीच्या इतिवृत्तात लेखी नोंदवायला लावा, नकारासकट, नावांसकट. एखाद्या मंडळीने कशाला नकार दिला हे पुढच्या पिढीला वाचता आलं पाहिजे. १८५७ चा तो ठराव आज आपण वाचू शकतो तो लिहिलेला होता म्हणूनच.

हे सगळं हंगाम संपायच्या आत करा. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की टोळी एका रात्रीत ट्रॅक्टरवर सामान टाकून निघते. मग हिशोब मागायला मजूरही समोर नसतो आणि मुकादमही. पावसाळ्यात नवी उचल वाटली जाते तेव्हा जुनी बाकी तीत मिसळते, आणि पुढच्या कार्तिकात ते जोडपं पुन्हा तुमच्याच शिवारात उतरतं.